दहाच्या कॅसेटात बारा गाणी

"मावशी, कॅसेटमध्ये खरंच तुम्हीच गायलंय, का दुसरंच कोणी?"

हर्षालीने प्रश्न विचारला आणि समाजाचे पुढारी हिलाल आप्पा यांच्या घरची बैठक अशी गप्प झाली, की आतल्या कुकरची शिट्टीसुद्धा चुकून वाजल्यासारखी वाटली. वीसेक बायका सतरंजीवर बसलेल्या. कुणाच्या हातात चहाची बशी, कुणाच्या हातात फोटोसाठी वर धरलेला मोबाईल. सगळ्या वळून तिच्याकडे बघायला लागल्या. तिची मम्मी, सुषमा, तर अशी बघत होती, की घरी गेल्यावर काय होणार ते न सांगता कळावं.

आणि समोर, सोफ्यावर, सुंदरा सोनगीरकर.

सुंदरा सोनगीरकर कोण, हे सुरतच्या पांडेसऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. खानदेशातून सुरतेला लूमवर नाहीतर मिलमध्ये कामाला आलेल्या प्रत्येक घरात एके काळी तिच्या हळदीच्या गाण्यांची कॅसेट होती. नवा टेप घेतला, की पहिल्यांदा तीच लागायची. मग ती अचानक गायची थांबली. अठ्ठावीस वर्षं कुठल्याच स्टेजवर दिसली नाही. आणि गेल्या लगीनसराईत कुठल्याशा डीजेने तिचं जुनं गाणं धडाधडा बीटवर चढवलं, ते वरातीवरातीत वाजलं, पोरापोरींनी त्यावर रील्स केले. तेव्हा हिलाल आप्पा सोनगीरला जाऊन बसले आणि तिला दौऱ्यासाठी तयार करूनच उठले. आधी सुरत, पुढच्या रविवारी कडोदरा, मग वापी, नाशिक, चाकण. जिथे जिथे खानदेशी माणूस पोटासाठी गेला, तिथे तिथे.

अशा बाईला हा प्रश्न! पण तो हर्षालीचा नव्हताच मुळी. तो होता नेहा आणि ध्रुवीचा. शाळेत मधल्या सुट्टीत नेहा म्हणाली होती, "माझे काका सांगतात, ती बाई गातच नाही. दुसरीच कोणी गायची, ही नुसते ओठ हलवायची. तुझ्यात दम असेल तर विचार तिला." त्यावर ध्रुवीने तेल ओतलं, "नहीं पूछेगी. ए तो फक्त स्टेज पर वाघ छे." झालं! पोंकच्या, म्हणजे सुरती हुरड्याच्या, एका प्लेटवर पैज लागली.

खरं तर एक वर्षापूर्वी हीच हर्षाली वर्गात हजेरीलासुद्धा पुढच्या मुलीच्या वेणीमागून 'प्रेझेंट' म्हणायची. मग शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करणारा मुलगा टायफॉईडने आडवा पडला, बाईंनी समोर दिसली तिच्या हातात माईक कोंबला, आणि काय सांगावं! ट्रस्टी हसले, पालक हसले, टाळ्या पडल्या. तेव्हापासून हर्षालीच्या तोंडाला ब्रेक म्हणून राहिला नव्हता. रविवारच्या कार्यक्रमाचं निवेदनही हिलाल आप्पांनी तिलाच दिलं होतं. म्हणूनच तर ती आज इथे, पहिल्या रांगेत, वही-पेन घेऊन.

सुंदरामावशींनी बशी खाली ठेवली. अगदी हळू, आवाज न करता.

"तुनं नाव काय शे?"

"हर्षाली."

"हर्षाली, हाऊ प्रश्न सुरतनी माले आधी बी इचारेल शे." त्या हसल्यासारख्या दिसल्या, पण हसल्या नाहीत. "आते उत्तर देवानं वय नही ऱ्हायनं, माय."

आणि त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

"कोणी शिकवलं हे तुला?" हिलाल आप्पा कडाडले. हर्षालीने दाराशी पाहिलं. नेहा आणि ध्रुवी चपला हातात घेऊन जिना उतरत होत्या. शूर मैत्रिणी!

---

आप्पांच्या परवत पाटियातल्या घरून पांडेसऱ्यापर्यंत शटल रिक्षात सुषमाने सगळं पोटात ठेवलं. घरी आल्यावर मात्र साडीवर टिकल्या चिकटवायचं काम पुढ्यात ओढलं आणि एकेका टिकलीबरोबर एकेक वाक्य चिकटवत गेली.

"लाज आणली. आप्पांच्या घरात. पाहुण्या बाईला. तोंड आहे का इंजिन?"

पप्पा मिलमधून नुकतेच आले होते. गोपाल त्यांचं नाव; प्रिंटिंग खात्यात होते. आज निळा रंग चालला होता हे त्यांची नखं बघूनच कळत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर विचारलं पोरीने."

"झालं!" सुषमाने हात टेकले.

"झालं काय? मी स्वतः होतो त्या कार्यक्रमाला. इथेच, पांडेसऱ्याच्या मैदानात. लोक टेम्पोच्या टपावर चढून बसलेले. तेव्हा मी नवा नवा लूमवर लागलेलो. दिवसभर तिचीच कॅसेट, कानात बसलेला आवाज. बारीक, गोड, चिमणीसारखा भुर्र जाणारा. आणि ही बाई स्टेजवर आली, तोंड उघडलं, तर आवाज कसा? जाड! रुंद! म्हशीसारखा म्हणत नाही मी…"

"म्हणालात की."

"...पण ती नव्हतीच. डुप्लिकेट आणली होती. सगळं मैदान ओरडायला लागलं, डुप्लिकेट, डुप्लिकेट! एक कडवं कसंबसं म्हटलं तिने. माईक खाली ठेवला आणि गेली."

"तुम्ही पण ओरडलात?" हर्षालीने विचारलं.

"मग मी काय मुका होतो?"

सुषमाने टिकलीचा कागद बाजूला ठेवला. "आमच्या माहेरी, नरडाण्याला, तिची कॅसेट होती. माझ्या मावशीच्या हळदीत लागलेली. तिथे तर आवाज असाच होता, जाड. आम्ही पोरी तिच्या बरोबरीने म्हणायचो. इथे लग्न होऊन आले, तुमची कॅसेट ऐकली, तर गळाच पोहोचेना. म्हटलं सुरतला येऊन माझा आवाज बसला की काय."

"तुला लग्नातच सांगितलं होतं ना!" पप्पांनी एखाद्या इंजिनिअरसारखा हात हलवला. "गावाकडे लाइट कुठे पुरेशी असायची? व्होल्टेज कमी, टेप रडत रडत चालायचा, मग आवाज जाडच निघणार. सुरतला करंट फुल. खरा आवाज इथे."

वीस वर्षं मम्मीने हे मान्य केलं होतं. करंटच्या बाबतीत पप्पांशी कोण वाद घालणार?

"आणि आपल्या कॅसेटची गोष्टच वेगळी," पप्पा रंगात आले. "धुळ्याला तिच्या कॅसेटात दहा गाणी यायची. आपल्या सुरतेत, स्टेशनजवळच्या दुकानातून घेतली की त्याच कॅसेटात बारा! वरची दोन दुसऱ्या कॅसेटची. भाव तोच. सुरतवाला कधी तोट्यात नाही जात."

हर्षालीने हे ऐकलं, पण अर्धंच. तिच्या डोळ्यांसमोर ती बशी होती, आवाज न करता खाली ठेवलेली.

---

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच आप्पांच्या घरी गेली. माफी मागायची होती. जिन्यात वाक्य पाठ करून ठेवलं होतं, मोठं, छान, त्यात 'अनवधानाने' असा शब्दही होता.

वर दार उघडंच होतं. आत सुंदरामावशी जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या आणि स्वतःशीच गुणगुणत होत्या.

नवरीना हातले हळद लागनी वं,
मायना डोयाले झोप नही लागनी…

हर्षाली उंबऱ्यातच थांबली. आवाज मोठा नव्हता, पण खोली भरून उरला होता. भरदार, सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला पाट देणारा. हे गाणं तिला लहानपणापासून पाठ होतं, तिने त्यावर नाच केला होता, रील केला होता. पण त्या गाण्यात झोप न लागलेली एक आई आहे, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं ती आई इतक्या जोरात पळत होती, की दिसलीच नव्हती.

"उनी का प्रश्नवाली?" मावशींनी वर न बघता विचारलं.

'अनवधानाने' कुठच्या कुठे पळालं. "सॉरी मावशी. पैज होती. पोंकची."

"पोंकसाठी?" मावशी आता खरंच हसल्या. "ये, बस. निवडू लाग. जिंकलीस ना मग?"

मेथी निवडता निवडता त्या बोलल्या. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. पांडेसऱ्याच्या त्या कार्यक्रमानंतर दिवाळीला सुरतची माणसं गावोगाव गेली आणि सांगत सुटली, की सुंदरा गात नाही, दुसरीच गाते. सुरतहून आलेल्याचा शब्द गावात पक्का. सुपाऱ्या आल्याच नाहीत पुढे. सासरचे म्हणाले, पुरे झाला तमाशा. मग अंगणवाडीत नोकरी, लेकरांसमोर बडबडगीतं.

"मी घरी येऊन माझीच कॅसेट लावून पाहिली," त्या म्हणाल्या. "आवाज तोच होता गं. काही बदललं नव्हतं. मग मी म्हटलं, लोकांना गाणं पाहिजे, बाई नको. बाई पाहिली की त्यांचा मूड जातो."

"पण आता तर तुम्ही पुन्हा गाणार ना!"

मावशींनी मेथीची जुडी झटकली. "आप्पा ट्रॅक लावणार आहेत. कॅसेटवरचा. मी फक्त ओठ हलवायचे. काल तुझ्या प्रश्नानंतर मीच हो म्हटलं. कशाला पुन्हा तेच?" त्या थांबल्या. "ज्याच्यावरून मला चोर ठरवलं, तेच आता खरं करायचं. बघ कशी गंमत."

हर्षालीला मेथीचा वास एकदम नाकात गेला आणि डोळे चुरचुरले. मेथीने डोळे चुरचुरत नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

---

पैज हरलेल्या माणसांनी प्लेट तर दिलीच पाहिजे. संध्याकाळी नेहा आणि ध्रुवीने पोंक आणला. कोवळे हिरवे दाणे, वर लिंबू-मिरीची शेव. थंडीत सुरतेत याच्यापुढे काही नाही. हर्षालीने दोन दाणे तोंडात टाकले आणि प्लेट सरकवली.

"शुं थयुं, यार?" ध्रुवी म्हणाली. "जीत गई तो भी मुँह फुलावीने बैठी छे."

"तुमच्यामुळे ती बाई आता गाणारच नाही."

"आमच्यामुळे? तोंड तुझं होतं," नेहा म्हणाली. आणि खरं होतं ते. मग वातावरण निवळावं म्हणून तिने मोबाईल काढला. नेहाला एकच नाद होता. कुठलंही गाणं घ्यायचं, हळू करायचं, त्यात घुमारा टाकायचा आणि आपल्या पेजवर 'स्लो' म्हणून चढवायचं. "हे ऐक, काल रात्री बनवलं. तुझ्या सुंदराचंच, तू रीलसाठी पप्पांच्या कॅसेटवरून दिलेलं. थोडंच हळू केलंय. सॅड व्हाइब."

नेहाने बटण दाबलं.

नवरीना हातले हळद लागनी वं…

हर्षाली उभी राहिली. शेव सगळीकडे सांडली.

तोच आवाज. कॅसेटवरचा नाही, दुपारचा, मेथी निवडणारा. भरदार, रुंद, पाट मांडून बसवणारा. तिला पुन्हा ऐकायचं होतं. पुन्हा. तिसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा ऐकताना पप्पांचा तो इंजिनिअरसारखा हात तिच्या डोळ्यांपुढे हलला. दहाच्या कॅसेटात बारा.

"बसतील कशी?" ती ओरडली.

"कोण?"

"गाणी! दहा गाण्यांच्या पट्टीत बारा गाणी बसतील कशी? पळवल्याशिवाय? दुकानदाराने कॉपी करताना गाणी पळवली नेहा! सगळी! म्हणून आवाज बारीक! गावाकडचा टेप हळू नव्हता, आपला टेप पळत होता! अख्ख्या सुरतेने तिला कधी ऐकलंच नाही!"

ध्रुवीने तोंडातला पोंक न चावता गिळला. "एटले… तेरे पप्पा लोगोंने असली को डुप्लिकेट बोल दिया?"

"चल," हर्षाली म्हणाली. "दोघी चला. या वेळी जिना उतरायचा नाही, चढायचा आहे."

---

हिलाल आप्पा लॅपटॉपवर ट्रॅक लावून बघत होते. तीन मुली धापा टाकत आत घुसल्या, तेव्हा त्यांनी कपाळाला हातच लावला. "पुन्हा आलं वादळ!"

हर्षालीने सगळं एका दमात सांगितलं. मग नेहाने मोबाईल पुढे धरला. आधी कॅसेटवरचं गाणं, जसंच्या तसं. मग हळू केलेलं.

सुंदरामावशी कान देऊन ऐकत राहिल्या. पहिलं ऐकून म्हणाल्या, "हे त्या डीजेने पळवलेलं ना?"

"नाही मावशी. हे पप्पांच्या कॅसेटवरून घेतलंय. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची कॅसेट. इथे सगळ्यांकडे हीच होती."

"सगळ्यांकडे?"

"सगळ्यांकडे."

मावशी हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाशी गेला, आणि मग ते हसू राहिलं नाही. आप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळाने मावशींनी पदरानेच तोंड पुसलं.

"म्हणजे मला कुणी नाकारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी आलेच नव्हते त्यांच्याकडे."

"मग उद्या मी निवेदनात सगळं समजावून सांगते!" हर्षाली म्हणाली. "मोबाईल लावून दाखवते…"

"नाही."

"का?"

"गाणं काय समजावून ऐकवायचं असतं?" मावशींचा आवाज आता कालचा नव्हता. "आप्पा, मी गाणार. माझ्या आवाजात."

हिलाल आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, लोक तिकीट काढून तो बारीक आवाज ऐकायला येतायत. पुन्हा ओरडले तर? पुढे कडोदरा आहे, वापी आहे. पहिल्याच ठिकाणी दौरा बसला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"एक कडवं," मावशी म्हणाल्या. "सुरतेने माझं एक कडवं ऐकून घेतलं, तर मी गाईन. ओरडले, तर तुमची मशीन लावा. चाकणपर्यंत ओठ हलवीन, तक्रार करणार नाही."

ठरलं. आप्पांनी देवाच्या फोटोकडे बघितलं आणि हर्षालीला म्हणाले, "आणि तू! नुसतं नाव सांगायचं आणि बाजूला व्हायचं. एक शब्द जास्त नाही."

---

रविवारी समाजाची वाडी खचाखच भरली. एरवी या हॉलमध्ये लग्नं लागतात. आज डाव्या बाजूला बायका, उजव्या बाजूला पुरुष, मागे पोरं खुर्च्यांच्या पाठीवर. पप्पा यायला तयार नव्हते. "डुप्लिकेट बघायला मी सुट्टी का घालवू?" पण मम्मीने नुसतं "बरं, मी एकटी जाते," म्हटलं आणि ते शर्ट घालून आले. तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले, परीक्षेच्या सुपरवायझरसारखे. कॅसेटचं गुपित हर्षालीने त्यांना सांगितलं नव्हतं. मावशींनी नको म्हटलं होतं ना.

हर्षालीने नाव सांगितलं. एक शब्द जास्त नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं निवेदन. मग ती बाजूला झाली. तिथून आप्पांचा लॅपटॉप दिसत होता आणि त्यांचं बोट, बटणापासून केसभर वर.

सुंदरामावशी पुढे आल्या. हिरवी नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. त्यांनी डोळे मिटले.

नवरीना हातले हळद लागनी वं…

टाळ्या थांबल्या. थांबायच्या तशा नाही, काहीतरी चुकल्यावर थांबतात तशा. उजव्या बाजूने कुजबूज उठली.

"आवाज गेला रे बाईचा."

"ही ती नाहीच, भो. मी सांगतो ना."

"ट्रॅक लाव रे!"

मावशींचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण त्यांची बोटं माईकवर घट्ट झाल्याचं हर्षालीला दिसलं. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली. कुजबूज वाढली. मागून कुणीतरी लांब हेल काढून ओरडलं, "डुप्लिऽऽकेट!" आणि आप्पांचं बोट खाली यायला लागलं.

एक शब्द जास्त नाही, असं ठरलं होतं. पण पायांचं काही ठरलं नव्हतं. हर्षालीने निवेदनाचा माईक उचलला, स्टेजवरून उडी मारली आणि बायकांच्या बाजूला पळाली. सुषमा चौथ्या रांगेत होती. हर्षालीने माईक तिच्या तोंडाशी धरला.

"मम्मी, म्हण."

"मी? वेडी झालीस का? सगळे बघतायत!"

"नरडाण्याला म्हणायचीस तसं. म्हण ना!"

सुषमाने इकडेतिकडे बघितलं. स्टेजवर बाई एकटी गात होती आणि आवाज किंचित हलायला लागला होता. आणि सुषमाचे ओठ उघडले. आधी पुटपुटल्यासारखे, मग…

मायना डोयाले झोप नही लागनी…

बसलं! दोन आवाज एकावर एक असे बसले, जसं जुन्या पातेल्यावर त्याचंच झाकण. गळा ताणावा लागला नाही, धावावं लागलं नाही. सुषमाच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग लाली. शेजारच्या बाईने मान वर केली. तिलाही तो सूर लागत होता. कारण प्रत्येक हळदीत या बायका हे गाणं असंच म्हणत आल्या होत्या, सावकाश, खालच्या पट्टीत, आणि म्हणून झाल्यावर ओशाळून एकमेकींना सांगत आल्या होत्या, "आपल्याला काय कॅसेटसारखं जमायचंय!" तीही म्हणू लागली. तिची सासू. मागची, पोर कडेवर घेतलेली बाई. एक रांग, दुसरी रांग. हर्षाली माईक घेऊन नुसती पळत होती. डावी बाजू अशी उभी राहिली, जशी कुणी हळदीला बोलावलं म्हणून उठावं.

सुंदरामावशींनी डोळे उघडले. त्यांना वाटलं असेल ओरडा चाललाय. पण समोर दोनशे बायका त्यांच्याच आवाजात गात होत्या. त्यांनी माईक जरासा बाजूला घेतला, हात वर केला आणि दुसरं कडवं चढवलं. आता आवाज हलला नाही.

आप्पांनी लॅपटॉप मिटला.

उजवी बाजू? ती हळूहळू गप्प होत गेली. एका म्हाताऱ्याने 'डुप्लिकेट'वाल्याच्या टाळक्यात टोपी हाणली. "गप रे! मनी माय अशीच म्हणे." आणि तिसऱ्या रांगेत पप्पा. हाताची घडी कधी सुटली त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी एकदा स्टेजकडे बघितलं, एकदा बायकोकडे बघितलं. मग मान वर करून वाडीचे सगळे दिवे नीट निरखून बघितले. सगळे फुल चालू होते. करंट अजिबात कमी नव्हता.

---

सकाळी पप्पा चहाचा कप हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. हर्षालीने रात्रीच त्यांना कॉपीवाल्या दुकानदाराचं सगळं सांगितलं होतं. त्यांनी जुनी कॅसेट काढून उलटसुलट केली, पट्टीकडे बघितलं, पुन्हा ठेवून दिली.

"बारा गाणी," ते म्हणाले. बस, एवढंच.

सुषमा भाकरी थापत होती आणि गुणगुणत होती. मोठ्याने. तिला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

"पप्पा," हर्षाली म्हणाली, "कडोदऱ्याला पण सुरतहूनच कॅसेट गेल्या असतील ना?"

"जाणारच. वापीलाही. पार नाशिकपर्यंत आपल्या इथूनच माल जायचा."

"म्हणजे तिथेही मावशींना कुणी ऐकलेलं नाही. तिथेही लोक ओरडणार."

पप्पांनी कप खाली ठेवला. मम्मीची भाकरी तव्यावर फुगली आणि तशीच राहिली.

हर्षाली उठली. शाळेचा गणवेश घातलेला, एका पायात मोजा, दुसरा हातात. गॅदरिंगच्या वेळेला होती त्याहून जास्त सरळ उभी राहिली.

"मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. रविवारचं ट्युशन मी शनिवारी करणार, सरांशी रात्रीच फोनवर बोलून झालंय. दर रविवारी मी मावशींच्या दौऱ्यावर जाणार, चाकणपर्यंत. आणि मम्मी, तू पण येणार आहेस. माईक मी धरीन, पण बायकांमधून पहिला आवाज तुझा लागेल."

मग ती पप्पांकडे वळली.

"तुम्ही पुरुषांच्या बाजूला बसायचं, पप्पा. कोणी डुप्लिकेट म्हणून ओरडायला लागलं, तर त्याला गप्प करायला तिथे आपला माणूस पाहिजे."